दीड वाजता तुटणारा व्हॅक्यूम

अहवाल चांगल्या जाड कागदावर छापला होता. स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक, आत रंगीत आलेख. आमच्या कारखान्याचं काम काळं तेल स्वच्छ करण्याचं, त्यामुळे इतका पांढरा कागद आमच्या टेबलांवर फार दिवस टिकत नाही. शेवटच्या पानावर तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन झाल्या होत्या. तिसऱ्या जागेखाली माझं पद छापलं होतं, प्रोसेस विभागप्रमुख. विभागात मी आणि एक लोखंडी कपाट एवढेच होतो, पण छापलं की कुठलंही पद भारदस्त दिसतं.

निष्कर्ष मला पान उलटण्याआधीच ठाऊक होता, कारण तो शनिवारी पडद्यावर बघितला होता. मूळ कारण : मानवी चूक. खाली बारीक अक्षरात पहिल्या पाळीच्या पॅनेल ऑपरेटरचा कर्मचारी क्रमांक. नाव नव्हतं. बाहेरून बोलावलेले सल्लागार म्हणाले, कुणाचं नाव न घेणं हे त्यांच्या व्यवसायाचं तत्त्व आहे. पहिल्या पाळीला पॅनेलवर माणूस एकच असतो, हे बहुधा तत्त्वात बसत नसावं.

आमचा कारखाना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. गॅरेजांतून, बस डेपोंतून वापरलेलं इंजिन ऑइल टँकरने येतं. आम्ही त्यातलं पाणी काढतो, ते तापवतो, उंच टॉवरमध्ये सोडतो, वरून स्वच्छ तेल घेतो आणि खालून डांबरासारखा गाळ. मोठ्या रिफायनरीत चालतं तेच काम, फक्त आमचा अख्खा प्लँट त्यांच्या पार्किंगमध्ये मावेल. यातली गोम एकच. हे तेल साध्या हवेत उकळायला गेलात तर उकळण्याआधी जळतं. म्हणून टॉवरमधली हवा ओढून घ्यायची, मग ते कमी उष्णतेवर उकळतं. त्या पोकळीला आम्ही व्हॅक्यूम म्हणतो आणि घरातल्या आजारी माणसासारखी दिवसभर तिची चौकशी करतो. ती टिकते कंडेन्सरमध्ये अखंड पडणाऱ्या थंड पाण्यावर. टॉवरमधून येणाऱ्या वाफा ते पाणी जिरवतं. पाणी कमी पडलं की वाफा साचतात, व्हॅक्यूम तुटतो आणि तेल करपतं. सोनेरी यायचं ते चहाच्या चोथ्याच्या रंगाचं येतं, आणि वास असा की आमच्या कँटीनचा वडा रोज खाणारी माणसंसुद्धा घास हातात धरून थांबतात.

त्या ऑक्टोबरमध्ये हे रोज व्हायला लागलं. दुपारी दीडच्या सुमारास व्हॅक्यूम तुटायचा, तीनच्या सुमारास आपला आपण परत यायचा. पहिली पाळी सात ते तीन. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर येऊन खुर्चीत बसला की टॉवर शहाण्या मुलासारखा वागायचा. रविवारी पहिल्या पाळीच्या ऑपरेटरची सुट्टी असायची, बदली माणूस यायचा. रविवारी व्हॅक्यूम अजिबात तुटत नव्हता.

सल्लागारांनी हे सगळं लाल आणि हिरव्या खांबांत मांडलं. लाल खांब फक्त एका माणसाच्या डोक्यावर उभे होते. मोठ्या पडद्यावर ते पटण्यासारखं दिसत होतं, आणि मोठ्या पडद्यावर काय पटण्यासारखं दिसत नाही?

एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती, कारण ती कुठल्याच कागदावर नाही. आमच्याकडे पाळ्या दर आठवड्याला फिरतात. पण ज्याची द्राक्षबाग आहे त्याला ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत महिनाभर सलग पहिली पाळी द्यायची, अशी जुनी रीत आहे. तीनला सुटून तो उजेडी बागेत पोचतो. त्या बदल्यात लग्नसराईत तो इतरांच्या रात्रपाळ्या ओढतो. आमच्या चार पॅनेल ऑपरेटरांत बाग एकट्या मामांची, निफाडच्या पुढे एका खेड्यात. मामा म्हणजे माझे कुणी नव्हेत. कारखान्यातल्या वयस्कर माणसाला सगळे मामा म्हणतात, तसे ते मामा. एरवी पाळ्या फिरत्या असत्या तर दुपारचा दोष तीन आठवड्यांत तीन माणसांच्या वाट्याला गेला असता आणि कुणाचीच मानवी चूक झाली नसती. छाटणीमुळे तो एकाच्याच गळ्यात पडला.

सल्लागारांना बागेचं कळलं ते उलट बाजूने. कुणीतरी त्यांना सांगितलं, हे गृहस्थ तीनला धावत सुटतात. झालं. अहवालात एक परिच्छेद वाढला : शेतीकामाच्या घाईत सदर कर्मचारी जेवणानंतर हीटर अवाजवी तापवतो व पॅनेल सोडून जातो. हे कुणी बघितलेलं नव्हतं. पण वाक्यात 'सदर' आलं की ते बघितल्यासारखंच होतं.

शनिवारी तीन वाजता, पाळी सुटताना, सूचनाफलकावर कागद लागला. चौकशी होईपर्यंत निलंबित. मामांनी तो चष्मा लावून वाचला. मी मागेच उभी होते.

"मॅडम, नोकरीचं नाय," ते फलकाकडेच बघत म्हणाले. "बाग हाय. पोटाला लागंल तेवढं निघतं. पण एकवीस वर्षं मी ह्या खुर्चीत बसलो, आन् आता गावात म्हणतील तेल जाळून आला."

"गावात कशाला कळेल?"

"आपल्या स्टोअरमधला एक जण माझ्या मेव्हण्याचा चुलतभाऊ हाय. मी घरी पोचायच्या आत कळंल."

नंतर खरंच तसं झालं. रविवारी बागेत छाटणीला आलेल्या मजुरांनी त्यांना विचारलं होतं, काय मामा, भडका उडवला म्हणं?

तर सोमवारी सकाळी साडेनऊला तो जाड कागद माझ्यापुढे होता आणि समोर प्लँट मॅनेजर. माणूस वाईट नाही. दिवाळीनंतर कंपनीचे संचालक प्लँट बघायला येणार होते आणि ते कळल्यापासून त्यांची झोप आणि विनोदबुद्धी एकदमच गेली होती.

"मॅडम, सही करा. बाराच्या आत हेड ऑफिसला मेल जायला हवा."

"दोनपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"का?"

"आज सोमवार आहे. पहिल्या पाळीत मामा नाहीत. दीड वाजता काय होतंय ते बघू. काही झालं नाही तर मी दोनदा सही करते, एक शाईने आणि एक अंगठ्याने."

"सल्लागारांनी चार दिवस अभ्यास केलाय."

"मी चार तास मागतेय."

"बाराची डेडलाइन मी दिलेली नाहीये, वरून आलीय."

"वरच्यांना सांगा की प्रोसेस विभाग अडून बसलाय. विभागाला नावं ठेवा, मला चालेल. विभाग म्हणजे मी आणि कपाट."

ते हसले नाहीत. म्हणाले, "सही न करणं हेही रेकॉर्डवर येतं, एवढं लक्षात ठेवा."

"तेवढ्यासाठीच नाही करत," मी म्हटलं, आणि अहवाल उघडा ठेवून कंट्रोल रूममध्ये गेले.

त्या दिवशी पॅनेलवर मी बसले. शेजारी बदली ऑपरेटर होता, तिशीतला, तोंडाने फटकळ. त्याला म्हटलं, हीटरला हात लावायचा नाही, मी सांगितल्याशिवाय काहीच बदलायचं नाही. तो म्हणाला, "मॅडम, आज जर पडला तर तुमचा पण नंबर छापतील बरं का. मी तर बाथरूमला पण जाणार नाही, साक्षीदार आहे मी."

सकाळभर सगळं सरळ होतं. जेवणाचा भोंगा एकला झाला. आम्ही डबे पॅनेलपाशीच उघडले. एक वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत व्हॅक्यूमचा काटा जागचा हलला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. मामांवरचा माझा विश्वास कितीही असो, लाल खांबही मी बघितले होते.

एक बत्तीसला काटा हलला.

हळूहळू नाही. ऊन वाढलं की पाणी तापतं आणि व्हॅक्यूम पडतो, पण तो उतारावरून चालल्यासारखा, तासभर घेऊन. हा पायरी चुकल्यासारखा पडला. पाच मिनिटांत होत्याचं नव्हतं झालं. हीटर जिथल्या तिथे, आम्ही दोघं जिथल्या तिथे, माझ्या हातात अर्धी पोळी.

"पडला!" बदली ऑपरेटर असा ओरडला की कुणाला वाटावं भारताने विकेट काढली.

मी मॅनेजरना फोन लावला. ते आले, काट्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुम्हाला पॅनेलची सवय नाहीये, मॅडम. काहीतरी चुकलं असेल."

"मग माझाही कर्मचारी क्रमांक लिहा. खाली जागा आहे."

बोलण्याने काटा काही वर येणार नव्हता. हीटर कमी करायला सांगून मी बाहेर पडले.

इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण इतरांच्या अहवालांना नावं ठेवून स्वतःचा चापून चोपून लिहिणं बरं नाही. दोन आठवड्यांपूर्वी मामा मला म्हणाले होते, "मॅडम, दुपारचं कंडेन्सरचं पाणी कमी होतंय बहुतेक. आवाज पातळ येतो." मी पंपहाऊसमध्ये जाऊन पंपाचा गेज बघितला होता. दाब बरोबर होता. पाणी किती वाहतं ते मोजणारा फ्लोमीटर तपासणीसाठी काढून नेला होता तो परत आलेला नव्हता, म्हणून गेजवर भागवलं. मामांना म्हटलं, "मामा, पाणी ठीक आहे, ऑक्टोबरचं ऊन आहे हे." ते "बरं" म्हणाले. माझ्याकडे पदवी होती, गेज होता. त्यांच्याकडे फक्त कान होते. सल्लागारांनी जे मोठ्या पडद्यावर केलं, ते मी आधीच पंपहाऊसमध्ये उभ्या उभ्या केलेलं होतं.

तर आता मी कंडेन्सरच्या मजल्यावर चढले आणि नुसती उभी राहिले. रोज तिथे धो धो आवाज असतो, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या वेळी मला खाली फोर्कलिफ्टवाल्याचं गाणं ऐकू येत होतं. आवाज पातळ होता. याहून नेमका शब्द मलाही सुचला नसता.

पंपाशी दाब बरोबर, कंडेन्सरशी पाणी नाही. म्हणजे पाणी मधेच कुठेतरी जातंय. मी पंपहाऊसपासून पाइपावर हात ठेवून चालायला लागले. ही काही शोधाची थोर पद्धत नाही, घरी गळका नळ शोधताना कुणीही हेच करतं. पाइप-रॅकच्या मागे, भिंतीच्या वळणावर, जुन्या मळकट लाइनीवर एक नवाकोरा, चकचकीत व्हॉल्व्ह दिसला. त्याला निळा रबरी होज. होज भिंतीखालून पलीकडे गेला होता.

पलीकडे हिरवळ होती.

संचालक येणार म्हणून गेटपासून ऑफिसपर्यंत ती नुकतीच आणून अंथरली होती, गालिच्यासारखी गुंडाळ्यांतून. सिन्नरच्या मुरमावर, ऑक्टोबरच्या उन्हात. कंत्राटदाराचा माळी होज धरून निवांत उभा होता, पन्नाशीचा, डोक्याला पंचा.

"हे पाणी कुठून घेतलंय?" मी विचारलं.

"ह्याच नळातून. जोर लय भारी हाय, मॅडम. दुसरा नळ मुततोय नुसता."

"आणि रोज ह्याच वेळेला?"

"जेवणाच्या सुट्टीनंतरच मारायचं, अशी ऑर्डर हाय. सकाळी साहेब लोक येतात, त्यांचे बूट भिजतात. तीनला परत राउंड असतो त्यांचा. मधला टाइम आपला."

"रविवारी?"

"रविवारी ऑफिस बंद. रविवारी नाय बोलावत मला."

मी व्हॉल्व्ह बंद केला. तो म्हणाला, "अवो मॅडम, ते कोपऱ्यातलं राहिलंय ना." मी त्याला म्हटलं, कोपऱ्यातलं राहू दे, आणि धावत कंट्रोल रूम गाठली. दहा मिनिटांत काटा जागेवर आला.

आमच्याकडे अर्ध्या इंचाचा पाइप इकडचा तिकडे करायचा तरी एक फॉर्म भरावा लागतो. त्यावर सहा जणांच्या सह्या लागतात. चहाच्या मशीनला नळ जोडला तेव्हाही तो भरला होता. हिरवळीसाठी भरला नव्हता, कारण हिरवळ प्रोसेसमध्ये येत नाही. ती प्रशासनात येते.

मॅनेजर कंट्रोल रूममध्येच होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "योगायोगही असू शकतो." मी बदली ऑपरेटरला म्हटलं, जा, व्हॉल्व्ह उघड. तो आनंदाने गेला. काटा पडला. मी वॉकीटॉकीवर म्हटलं, बंद कर. काटा आला. "अजून एकदा?" असं त्याने विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले, "नको, नको, बास झालं."

मला वाटलं संपलं. कारण सापडलं की काम संपतं, असं कॉलेजात शिकवतात.

संध्याकाळी पाच वाजता अहवालाची नवी आवृत्ती आली. मूळ कारण : हंगामी घटक. हिरवळ शब्द कुठेच नव्हता. पाण्याच्या कनेक्शनचा उल्लेख 'सुधारणेस वाव' या मथळ्याखाली, दुसऱ्या ओळीत. मामांचं निलंबन मागे, पण सोबत ताकीदपत्र, यापुढे पॅनेलवर दक्ष राहावे.

"हिरवळ ही वर कुणाची कल्पना होती, मला माहितीय आणि तुम्हालाही," मॅनेजर खाली आवाजात म्हणाले. "मामा परत येतायत ना? मग शब्दांवर काय अडायचं?"

"ताकीद कसली आहे?"

"फॉर्मॅलिटी. निलंबन मागे घेताना काहीतरी द्यावं लागतं, नाहीतर निलंबन चुकीचं होतं असा अर्थ निघतो."

"तोच अर्थ आहे."

याही कागदावर मी सही केली नाही. ते म्हणाले, तुम्ही विनाकारण ताणताय. मी म्हटलं, हो. कारणावर मला जास्त बोलायचं नव्हतं. ते इतकं साधं होतं की बोललं की गुळमुळीत झालं असतं.

मंगळवारी सकाळी मामा गेटवर आले. सिक्युरिटीच्या खिडकीत त्यांना ताकीदपत्र दिलं, पोचपावतीची सही मागितली. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि खिडकीतून परत आत सरकवलं.

"हे कुणाचं हाय? माझं नाय."

"तुमचंच आहे मामा, क्रमांक बघा."

"क्रमांक माझा हाय. ताकीद माझी नाय. मी काय गवताला पाणी मारत होतो का?" मला बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही राग मानू नका. पण शनिवारचा कागद जिथं लावला ना, तिथंच दुसरा लागला पायजे. माझ्या खिशात नको."

"मामा, हे घेतल्याशिवाय निलंबन उठत नाही, हजेरी भरत नाही. तोवर पगार अर्धाच." हे मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

"नाय भरली तर नाय. छाटणी व्हायची हाय अजून अर्ध्या एकराची. आन् लग्नसराईत रात्री मी कुणाच्या करायच्या ते बघू मग."

ते गेले. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याशी बोलल्यासारखं केलं, पण ते बाकीच्या तिघा ऑपरेटरांसाठी होतं; त्यांतले दोघे खिडकीशी हजेरी लावायला उभेच होते.

पॅनेल चालवायला चार माणसं लागतात. तिघांत तीन पाळ्या म्हणजे सुट्टीच नाही. मंगळवारी तिघांनी चालवलं. बुधवारी फटकळ ऑपरेटर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "साहेब, मी सलग सोळा तास बसलो तर मानवी चूक होईल. आधीच सांगून ठेवतो, मग परत सल्लागार नको." दुसऱ्याची आई आजारी पडली. तिसऱ्याने काही कारण दिलं नाही, तो नुसता फलकासमोर उभा राहून शनिवारचा कागद मोठ्याने वाचायचा, जेवणाच्या सुट्टीत, रोज, पोपटासारखा.

हेड ऑफिसला माझ्या सहीचा अहवाल गेला नव्हता, त्यामुळे तिकडून रोज फोन येत होता. मला दोनदा बोलावणं आलं. एकदा समजावून सांगितलं, एकदा माझ्या वार्षिक मूल्यमापनाची आठवण करून दिली. त्या वर्षी त्यात 'संघभावनेचा अभाव' असं आलं. मी ते नाकारलं नाही. ज्या संघाची भावना त्यांना अभिप्रेत होती तिचा माझ्यात अभाव आहेच.

गुरुवारी दुपारी मॅनेजरनी मला बोलावलं. टेबलावर कोरा कागद होता, साधा, पातळ.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "तीन ओळींच्या वर नको."

मी तीनच लिहिल्या. निलंबन चुकीच्या निष्कर्षावर आधारित होते. व्हॅक्यूम तुटण्याचे कारण हिरवळीसाठी कंडेन्सरच्या पाण्याच्या लाइनवर घेतलेले कनेक्शन हे होते. पाणी कमी होत असल्याचे ऑपरेटरने आधीच निदर्शनास आणले होते व प्रोसेस विभागाने ते गांभीर्याने घेतले नाही.

"शेवटची ओळ कशाला?" ते म्हणाले. "तुमच्याच अंगावर येतंय."

"तीन ओळी म्हणालात ना."

त्यांनी हिरवळ शब्दावर बराच वेळ पेन धरलं होतं. मग खाली सही केली, तारीख घातली आणि म्हणाले, "ह्याच्यावर शिक्का नाही मारणार मी." मी म्हटलं, नको, शिक्क्याने अक्षरं झाकली जातात.

फलकाची किल्ली प्रशासनाकडे असते. प्रशासनवाले म्हणाले, फलकावर संचालकांच्या स्वागताचं पोस्टर लागलंय, जागा नाही. मी पोस्टर दोन इंच वर सरकवलं. स्वागत जरा तिरकं झालं.

शुक्रवारी सातच्या पाळीला मामा आले. शनिवारसारखाच चष्मा काढला, पुसला, लावला. वाचायला त्यांना वेळ लागला. मधेच थांबून मागे वळून म्हणाले, "प्रोसेस विभाग म्हंजे तुम्हीच ना?"

"मी आणि कपाट."

"मग बराबर हाय," ते म्हणाले आणि पुढे वाचू लागले. आजूबाजूला पहिल्या पाळीची सगळी माणसं जमली होती, आणि सुटणारी तिसरी पाळीही घरी जायचं सोडून थांबली होती. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. कुणीतरी म्हणालं, वाचा ना मोठ्यानं. मामा म्हणाले, तुला वाचता येतं ना, वाच तू.

मग ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, ह्याची एक झेरॉक्स मिळंल का?"

"कशाला?"

"आमच्या ग्रामपंचायतीला पण फलक हाय."

झेरॉक्स मशीन मॅनेजरच्या केबिनबाहेर असतं आणि त्यावर पाटी आहे, खाजगी कामासाठी वापरू नये. मॅनेजर दारात उभे राहून बघत होते. मी कागद काचेवर पालथा घातला आणि पाच प्रती काढल्या. एक मेव्हण्याच्या चुलतभावासाठी स्टोअरमध्ये स्वतः नेऊन दिली.